लोरिका: एका चिलखती शब्दाच्या तक्त्याच्या नोंदी

४ नोव्हेंबर

विषय ठरला. लॅटिनमधला 'लोरिका', म्हणजे रोमन सैनिक छातीपाठीवर चढवायचा ते चिलखत. हा शब्द कुठे कुठे गेला आणि तिथे त्याचं काय झालं, ते ए-वन आकाराच्या एका कागदावर मराठीत मांडायचं. भिंतीवर लावता येईल असा तक्ता. माहिती मी गोळा करणार, आखणी आणि चित्रं मावसबहिणीची.

स्प्रेडशीट उघडून रकाने पाडले: रूप, भाषा, काळ, अर्थ, आधार, खात्री. खात्रीच्या रकान्यात तीनच अक्षरं चालतील. 'प' म्हणजे पक्कं, 'श' म्हणजे शक्य, 'ऐ' म्हणजे ऐकीव. 'ऐ' असलेली ओळ तक्त्यावर जाणार नाही, कितीही मजेशीर असली तरी. व्युत्पत्तीच्या नादात माणसं कुठवर वाहवत जातात ते मराठीत आपण रोज बघतो.

६ नोव्हेंबर

सगळ्यात वरची चौकट, म्हणजे शब्दाचं मूळ. इथेच गाडी अडली, पण अडली ते बरं झालं.

रोमन पंडित वारो (इ.स.पू. ११६ ते २७) लॅटिन भाषेवरच्या आपल्या ग्रंथात सांगतो की 'लोरिका' हा 'लोरा'वरून आला. लोरा म्हणजे चामड्याच्या वाद्या. पूर्वी छातीवरचं कवच कच्च्या कातड्याचं करत, पुढे आजच्या फ्रान्सकडच्या गॉल लोकांकडून लोखंडी कड्यांचा अंगरखा आला आणि तोही त्याच नावाखाली गेला, असं त्याचं म्हणणं. आता सेव्हिलचा बिशप इसिडोर बघा. त्याचा मृत्यू ६३६ सालचा, म्हणजे वारोनंतर साडेसहाशे वर्षांनी. तो म्हणतो, ह्यात वाद्या नसतात, नुसती लोखंडी कडी गुंफलेली असतात, म्हणून हे लोरिका! शब्द तोच, वाद्या त्याच. एकाच्या मते वाद्या असल्यामुळे नाव पडलं, दुसऱ्याच्या मते नसल्यामुळे.

इसिडोरला हसणं सोपं आहे. पण त्याच्या डोळ्यांसमोर जे चिलखत होतं त्यात खरोखरच चामडं नव्हतं, आणि नावात चामडं ऐकू येत होतं. त्याला उत्तर हवं होतं, त्याने ते काढलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ वारोलाही पूर्ण मान डोलवत नाहीत. ग्रीक 'थोरॅक्स' आणि लॅटिन 'लोरिका' हे दोन्ही कुठल्यातरी तिसऱ्याच भाषेतून आले असावेत, अशीही एक शंका आहे. म्हणून मुळाशी तुटक रेघ आणि 'श'.

मला वारोचं दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. कड्यांचं चिलखत गॉलांचं, म्हणजे केल्टिक भाषा बोलणाऱ्यांचं. वस्तू त्यांच्याकडून रोमकडे आली. आणि पुढे वेल्श आणि आयरिश ह्या केल्टिक भाषांनी त्याच वस्तूसाठी नाव उचललं ते रोमचं. म्हणजे वस्तूचा बाण एकीकडे आणि शब्दाचा बाण बरोबर उलट.

मावसबहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मग दादा, ही वंशावळ होतच नाही. दोन रंगांच्या रेघा कर. शब्दाची लाल, वस्तूची करडी." पटलं. तक्त्याचा सगळा आराखडा ह्या एका वाक्यावर बदलला.

१० नोव्हेंबर

करड्या रेघांचं काम. रोमन चिलखताचे प्रकार.

'हामाटा' म्हणजे कड्यांचं. 'स्क्वामाटा' म्हणजे माशाच्या खवल्यांसारख्या पत्र्यांचं. ही दोन्ही विशेषणं लॅटिन लेखनात सापडतात. तिसरं, सगळ्यांना सिनेमातून पाठ असलेलं, आडव्या लोखंडी पट्ट्यांचं: 'सेगमेंटाटा'. हे नाव एकाही रोमन लेखकाने वापरलेलं नाही, ते नंतरच्या विद्वानांनी ठेवलं. त्या पट्ट्या नेमक्या कशा जोडलेल्या असत हेही बराच काळ रोममधल्या ट्रेजन सम्राटाच्या स्तंभावरच्या कोरीवकामावरून अंदाजाने सांगत. १९६४ साली उत्तर इंग्लंडमध्ये, हेड्रियनच्या भिंतीजवळच्या कॉर्ब्रिजला, जमिनीत पुरलेली लाकडी पेटी मिळाली. तिच्यात अशा चिलखतांचे गंजलेले भाग होते. त्यावरून टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागारातल्या रसेल रॉबिन्सन यांनी जुळणी करून दाखवली. पट्ट्या आतून चामड्याच्या वाद्यांवर रिव्हेट केलेल्या होत्या. वारो असता तर खूश झाला असता.

मावसबहिणीचा आग्रह, मोठं चित्र सेगमेंटाटाचंच हवं, लोकांना तेच ओळखू येतं. माझा आग्रह, तक्ता शब्दाचा आहे आणि हे नाव रोमन नाही. शेवटी ते समासात गेलं, लहान. मोठं चित्र हामाटाचं.

त्यासाठी कड्यांची वीण कशी ते हातात घेऊन बघायचं होतं. जस्ताची तार विणकामाच्या सुईवर गुंडाळली, कटरने उभी कापली, कडी सुटी केली. प्रत्येक कडं शेजारच्या चार कड्यांत अडकवायचं. तळहाताएवढा तुकडा होईपर्यंत बोटं सोलवटली. पण तुकडा उचलला की तो कापडासारखा हाताच्या आकारावर पडतो, तारेचा ताठपणा कुठे राहतच नाही. रोमन कारागीर एका ओळीत सांधा नसलेली अखंड कडी घेत आणि पुढच्या ओळीत उघडी कडी घालून तिची टोकं रिव्हेटने बंद करत. म्हणजे निम्म्याच कड्यांना रिव्हेट मारायचं. काही मिलिमीटरच्या कड्याची टोकं चपटी करून त्यांत भोक पाडायचं आणि त्यात खिळा बसवायचा, असं हजारो वेळा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने लिहून ठेवलंय की रोमच्या फौजेत दहा हजार द्राख्माच्या वर मालमत्ता असलेलेच कड्यांचं चिलखत घालत, बाकीच्यांच्या छातीवर नुसता पितळी पत्रा. तार ओढल्यावर त्यामागचा हिशेब कळतो.

१४ नोव्हेंबर

लॅटिनच्या आतच शब्द अंगावरून उतरून भिंतीवर चढला होता, हे विसरता कामा नये.

सीझर इ.स.पू. ५२ मध्ये गॉलांच्या अलेसिया ह्या ठाण्याला वेढा घालतो. बारा फुटांचा मातीचा बांध आणि त्यावर 'लोरिका'. इथे अर्थ छातीपर्यंत उंचीचा आडोसा. दुसऱ्या एका ठिकाणी हाच आडोसा फांद्या विणून केलेल्या कुडाचा आहे. म्हणजे कुडाच्या भिंतीलाही चिलखत म्हणत.

वास्तुशास्त्रावर लिहिणारा व्हिट्रुव्हियस कच्च्या विटांच्या भिंतीच्या माथ्यावर भाजक्या विटांचे थर घालायला सांगतो, थोडे बाहेर काढून. छपराची कौलं फुटली तरी पाणी आतल्या कच्च्या विटेपर्यंत पोचू नये म्हणून. त्या थरांना तो 'लोरिका' म्हणतो. मातीच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

दोन्ही चौकटी मुख्य चौकटीला चिकटून, लाल रेघ आखूड. करडी रेघ नाहीच, कारण वस्तू वेगळ्याच आहेत.

१९ नोव्हेंबर

वसईला जाऊन आलो. तिथल्या एका फादरांचं लॅटिन पक्कं आहे, आणि बोलणं आपल्यासारखंच मराठीतलं. तक्त्याचा कच्चा आराखडा पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "सगळे सैनिकच दाखवलेत तुम्ही. आमच्या लोकांनी हा शब्द किती वाहून नेला, ते कुठेय?"

मग त्यांनी लॅटिन बायबल उघडलं. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने हाती घेतलेलं हे भाषांतर पश्चिम युरोपात हजार वर्षं वाचलं गेलं. गल्याथ ह्या धिप्पाड योद्ध्याच्या अंगावर लोरिका, तिचं वजन ५००० शेकेल पितळ. शौल राजा पोरसवदा दावीदाला आपली लोरिका चढवतो, दावीदाला तिच्यात चालता येत नाही, तो ती उतरवून ठेवतो. यशयात देव नीतिमत्त्व लोरिकेसारखं घालतो. आणि पौलाच्या इफिसकरांस पत्रात सहाव्या अध्यायात ख्रिस्ती माणसाने तीच घालायची आहे, नीतिमत्त्वाची लोरिका. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'थोरॅक्स'. मराठी बायबलात 'उरस्त्राण'.

"शिपाई जिथे गेला नाही तिथे हे पुस्तक गेलं," फादर म्हणाले. निघताना त्यांनी आराखड्यावर पेन्सिलने आयर्लंडभोवती गोल काढून दिला.

२४ नोव्हेंबर

आयर्लंड. ह्या तक्त्याचं काळीज इथे आहे, म्हणून जागाही सगळ्यात जास्त ह्यालाच.

रोमन फौजेने आयर्लंड कधीच जिंकलं नाही. तिथे ना छावण्या, ना भिंती. तरीही जुन्या आयरिशमध्ये शब्द आहे: 'लूरेख', आजच्या लिखाणात 'लूरिआख' असा दिसणारा. शेवटचा 'ख' घशातून घासत येतो. अर्थ चिलखत, आणि त्याच्याच बरोबरीने दुसरा अर्थ: संरक्षणाची प्रार्थना.

हा प्रार्थनेचा प्रकारच 'लोरिका' नावाने ओळखला जातो. त्यातली सगळ्यात कसून बांधलेली रचना लाइकेन नावाच्या आयरिश भिक्षूची मानतात. त्याचा मृत्यू ६६१ सालचा. भाषा लॅटिन, पण अशी की लॅटिन जाणणाराही अडखळावा: ग्रीक आणि हिब्रूवरून घडवलेले शब्द मुद्दाम पेरलेले. आधी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा त्रिएक देवाला साकडं, मग देवदूतांना, मग कुलपिता, संदेष्टे, प्रेषित, हुतात्मे. आणि मग शरीर. कवटी, केस, डोळे, जीभ, दात, नाकपुड्या. खांदे त्यांच्या पात्यांसकट. कोपर, मुठी, तळवे, बोटं नखांसकट. पाठीचा कणा, बरगड्या. एवढ्यावर थांबत नाही, आत शिरतो: यकृत, आतडी, मूत्रपिंडं. देवा, भक्कम लोरिकेने झाक, असं मध्येमध्ये येत राहतं. कशापासून? शत्रूने मारलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खिळ्यांपासून.

हे वाचता वाचता तोंडात आपोआप रामरक्षा आली. शिर राघवाकडे, भाळ दशरथात्मजाकडे, डोळे कौसल्येयाकडे, कान विश्वामित्रप्रियाकडे, जीभ विद्यानिधीकडे, असं करत पावलांपर्यंत. आणि ती स्वतःला 'रामकवच'च म्हणवते, 'वज्रपंजर'ही. संध्याकाळी परवचा म्हणणाऱ्या घरातल्या माणसाला लाइकेनची रचना परकी वाटणारच नाही. देवीकवचही तसंच.

मावसबहीण लगेच, "मग काढू का रेघ? तुटक?" नाही. एकाने दुसऱ्याकडून घेतल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि असं काही असायची गरजही नाही. अंग झाकायची वस्तू डोळ्यांसमोर असली आणि भीती लोखंडाला न जुमानणारी असली, की माणूस मंत्राचं चिलखत करणारच. तळाशी एक टीप जाईल, रामरक्षेचा उल्लेख असलेली, बिनरेघेची. ह्या मुद्द्यावर मी हटणार नाही हे तिला सांगितलं.

दुसरी प्रार्थना जास्त प्रसिद्ध: 'लूरिआख फाड्रिग', म्हणजे संत पॅट्रिकचं चिलखत. पॅट्रिक पाचव्या शतकातला. परंपरा सांगते की आयर्लंडमधल्या तारा ह्या ठिकाणच्या राजाने पाठवलेल्या, दबा धरून बसलेल्या माणसांमधून तो आणि त्याचे सोबती ही म्हणत गेले, आणि त्या माणसांना दिसली ती हरणं. भाषा मात्र जुनी आयरिश, साधारण आठव्या शतकातली. आज मी उठतो ते अमक्याच्या बळावर, अशी सुरुवात. मग आकाश, सूर्य, अग्नी, वीज, वारा, समुद्र, खडक ह्यांचं बळ अंगावर ओढून घ्यायचं. शेवटाकडे ख्रिस्त पुढे, मागे, खाली, वर, उजवीकडे, डावीकडे.

संकटांच्या यादीत एक ओळ आहे ती मी तक्त्यावर मोठ्या अक्षरात घालणार: बायकांच्या, लोहारांच्या आणि ड्रुइडांच्या मंत्रांपासून राखण. ड्रुइड समजले, जुन्या धर्माचे पुरोहित. बायकांवरचा संशय तर जगभरचा. पण लोहार! चिलखत घडवणारा तोच, आणि ह्या चिलखताला भीती त्याचीच. लोखंड वितळवून त्याला आकार देणाऱ्या माणसाकडे जादू असते, ही समजूत तिथे घट्ट होती.

लाल रेघ रोमहून आयर्लंडला, बाजूला लिहायचं: 'पुस्तकातून'. करडी रेघ ह्या वाटेवर काढायची नाही.

२५ नोव्हेंबर

लाइकेनची प्रार्थना इंग्लंडातही पोचली. नवव्या शतकातल्या बुक ऑफ सर्न ह्या प्रार्थनांच्या हस्तलिखितात आहे, ते आता केंब्रिजला. दुसरी प्रत ब्रिटिश लायब्ररीतल्या हार्ली ५८५ ह्या हस्तलिखितात, ओळींच्या मध्ये जुन्या इंग्रजीत अर्थ लिहिलेले. हे हस्तलिखित औषधांचं आहे! झाडपाल्याचे काढे, लेप, आणि त्यांच्यामध्ये हे चिलखत. ज्याने वही केली त्याच्या लेखी दोन्ही उपचारच.

इंग्रजांनी प्रार्थना घेतली, पण शब्द घरात घेतला नाही. चिलखतासाठी त्यांच्याकडे स्वतःचा 'बिर्ने' होता.

२६ नोव्हेंबर

वेल्श आणि स्कॉटिश गेलिक.

वेल्श रूपातलं पहिलं अक्षर देवनागरीत कसं लिहायचं? जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि आवाज न काढता हवा कडेने सोडायची. 'ल्लिरिग' असं लिहून खाली टीप दिली. 'क'चा 'ग' झाला, तो वेल्शमध्ये अशा जागी होतोच. वेल्श लोकांचे पूर्वज तर रोमन राज्यात साडेतीनशे वर्षं होते, त्यामुळे इथे लाल आणि करडी रेघ जोडीने.

स्कॉटिश गेलिकमध्ये शब्द आयरिशसारखाच, पण अर्थाने खालची पायरी गाठली. कड्यांचं चिलखत, आणि मग ठिगळं लावलेला अंगरखा. लक्तर. जुनं, गंजकं, तुटक्या कड्यांचं चिलखत कुणाच्या अंगावर बघितलं असेल तर हा अर्थ अवघड नाही. राजाच्या पोशाखाचं भिकाऱ्याचं कापड झालं. आवडला. 'प'.

१ डिसेंबर

फ्रान्स आणि इटली. इथे तक्त्याला भोक पडतंय.

लॅटिनच्या थेट वारसदार भाषा, त्यातही इटली म्हणजे शब्दाचं माहेर. पण मध्ययुगातल्या सरदाराच्या अंगावर जे होतं त्याला फ्रेंच 'ओबेर' म्हणायचे आणि इटालियन 'उस्बेर्गो'. दोन्ही फ्रँक ह्या जर्मानिक लोकांच्या 'हाल्सबेर्ग'वरून, म्हणजे 'मान राखणारं'. इंग्रजीतलं 'हॉबर्क' ह्यातूनच. दुसरा जर्मानिक शब्द 'ब्रुन्या'. त्यातूनच जुन्या इंग्रजीतला 'बिर्ने', आणि रशियनमधला 'ब्रोन्या', जो आजही रणगाड्याच्या पोलादाला वापरतात. हा 'ब्रुन्या' बहुधा केल्टिकमधल्या छातीच्या शब्दावरून आलेला आहे, त्याला 'श'.

कारण उघड आहे. पाचव्या शतकानंतर तिथे तलवार ज्यांच्या हातात होती त्यांची भाषा जर्मानिक होती. राज्य त्यांचं, फौज त्यांची, फौजेच्या सामानाची नावंही त्यांची. लोरिका तिथे पंडितांच्या लॅटिनमध्ये राहिली.

आणि कड्यांच्या चिलखताचं इंग्रजी नाव 'मेल' हे तर लॅटिन 'माकुला'चं पोर, म्हणजे जाळीचा डोळा. ओघात आलं, तक्त्यावर नाही. 'क्विरास'ही तसाच. तो 'कोरिआकेआ'वरून, म्हणजे चामड्याचं. चामड्याचं नाव पुढे पोलादाच्या छातीपत्र्याला लागलं, वारोने लोरिकेबद्दल जे सांगितलं तेच पुन्हा एकदा घडलं. हा मात्र समासात ठेवतोय, वारोची बाजू थोडी भक्कम होते.

मावसबहीण म्हणते मध्ये एवढी रिकामी जागा वाईट दिसते, रोमचं चित्र टाकू. मी म्हटलं, रिकामीच ठेव आणि तिच्यावर 'इथे हाल्सबेर्ग' लिही. करडी रेघ ह्या रिकाम्या भागातून जाड, लाल गायब.

५ डिसेंबर

स्पेन. इथे लाल रेघ पुन्हा जिवंत. 'लोरीगा', बोलीतून झिजत आलेलं रूप, 'क'चा 'ग' झालेला. पोर्तुगीजमध्येही तेच. तिथेही व्हिसिगॉथ म्हणजे जर्मानिक लोकांचं राज्य होतं, तरी शब्द टिकला. म्हणून १ तारखेला लिहिलेलं कारण फ्रान्सपुरतंच धरायचं, त्याचा नियम करायचा नाही.

एल सिदच्या महाकाव्यात लढाईच्या वर्णनात लोरीगा फाटतात, कडी निखळतात. सिद, म्हणजे स्पॅनिश सरदार रोद्रिगो दियाझ, वारला १०९९ मध्ये. हस्तलिखिताच्या शेवटी नोंदलेलं साल १२०७. मोठ्या लोरीगेला 'लोरिगोन'. घोड्याच्या चिलखतालाही लोरीगा.

स्पॅनिश कोशात ह्या शब्दाचा आणखी एक अर्थ सापडला आणि मी खुर्चीतून उठलो. गाडीच्या चाकाचा तुंबा फुटू नये म्हणून त्याच्याभोवती बसवायचं लोखंडी कडं. तेही लोरीगा! सरदार गेले, तोफा आल्या, कड्यांचा अंगरखा घालून कुणी लढेना, तेव्हा शब्द सुताराच्या आणि लोहाराच्या कारखान्यात जाऊन बसला. तुंब्यात सगळे आरे ठोकलेले असतात, गाडीचा भार आसावरून तिथेच येतो, आणि लाकूड चिरतं ते तिथून. त्याला कडं घालणं म्हणजे त्याच्या छातीला चिलखत घालणंच.

चित्र काढायला सांगितलंय. चाक स्पॅनिश गाडीचं हवं, आपल्या बैलगाडीचं नको, हे बजावून.

८ डिसेंबर

ग्रीक, थोडक्यात. बिझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, फौजेच्या भाषेत लॅटिनची सामग्री पुष्कळ होती, त्यातलंच 'लोरिकियोन'. दहाव्या शतकातल्या युद्धशास्त्रावरच्या ग्रंथांत दिसतं. स्वतःचा होमरपासूनचा 'थोरॅक्स' असताना हा उसना कशाला? कारण तोवर थोरॅक्स वैद्यांकडे गेला होता. चिलखत, मग चिलखताखालचं धड, मग छाती. आज आपल्याकडचा डॉक्टर 'थोरॅक्सचा सीटी काढा' म्हणतो तेव्हा तो होमरच्या वीराच्या, अकिलीजच्या छातीपत्र्याचंच नाव घेत असतो.

लोरिका शरीरावरून निघून भिंतीवर, प्रार्थनेत, चाकात गेली. थोरॅक्स शरीरात घुसला. दोन्ही एका तक्त्यावर शेजारी ठेवायला हवेत.

१२ डिसेंबर

उजवीकडची शेवटची पट्टी, जीवशास्त्र. इथे शब्द कुणाच्या तोंडून आला नाही, विद्वानांनी लॅटिन कोशातून काढून चिकटवला. म्हणून रेघ लाल पण ठिपक्यांची.

सजीवांना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका माशाला 'लोरिकारिया' नाव दिलं. त्याच्या कुळात आज हजाराच्या आसपास जाती आहेत. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात काच चाटत बसलेला काळपट, ठिपक्यांचा 'सकर' मिळतो तो ह्याच कुळातला. दुकानदाराला जाळीत काढायला लावला आणि जवळून बघितला. खवले नाहीतच. हाडाच्या पट्ट्यांच्या रांगा, एकीवर एक चढलेल्या, प्रत्येकीला कंगोरा. पोट मऊ आणि उघडं. कल्ल्याजवळच्या पराला काटा असा की जाळीत अडकून बसला, सोडवायला दुकानदाराची पाच मिनिटं गेली. कॉर्ब्रिजच्या पट्ट्यांचं चित्र बाजूला ठेवलं तर लिनियसला नाव का सुचलं ते विचारावं लागत नाही. (हे मासे मोठे झाले की लोक नदीत नाहीतर तळ्यात सोडून देतात. सोडू नयेत. भारतात बऱ्याच ठिकाणी ते पसरून बसलेत.)

समुद्रातल्या टिंटिनिड नावाच्या एकपेशीय जीवांच्या पेल्यासारख्या कवचालाही लोरिका म्हणतात. काही जाती वाळूचे बारीक कण चिकटवून ती घडवतात. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पाण्यातही हे जीव आहेत, एका थेंबाचं चित्र तिथलं घेता येईल.

आणि 'लोरिसिफेरा', म्हणजे लोरिका वाहणारे. प्राण्यांचा हा एक अख्खा संघ १९८३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ राइनहार्ट क्रिस्टेन्सन यांनी जगापुढे मांडला. पाव मिलिमीटरच्या आसपास लांबीचे हे प्राणी शिंपल्यांच्या चुऱ्याला इतके घट्ट धरून राहतात की नेहमीच्या पद्धतींनी सुटतच नव्हते. घाईत नमुना गोड्या पाण्याने धुतला गेला, प्राण्यांना धक्का बसला आणि पकड सुटली. जागा होती रॉस्कॉफ, फ्रान्सचा ब्रिटनी किनारा. ब्रिटनी म्हणजे केल्टिक ब्रेटन भाषेचा मुलूख. योगायोगच आहे, पण चौकट नकाशावर नेमकी वेल्सच्या खाली येते आणि मावसबहिणीची जुळणी छान बसते.

१५ डिसेंबर

अंतिम फाइल छपाईवाल्याकडे. मॅट कागद, चकचकीत नको, ट्यूबलाइटखाली रेघा दिसत नाहीत. फादरांना एक प्रत, त्यांच्या पेन्सिलच्या गोलाची जागा आता तक्त्यात सगळ्यात मोठी आहे. लोहारांची ओळ छोट्या फॉन्टमध्ये गेली होती, ती वाढवून घेतली.

मधला 'हाल्सबेर्ग'चा रिकामा भाग छपाईवाल्याला खटकला. "इथे काही राहिलंय का साहेब?" नाही, असंच आहे, म्हटलं.

१८ डिसेंबर

पुढच्या तक्त्याचा शब्द: 'झिरिह', फारसीत कड्यांचं चिलखत. शिवकाळाच्या चित्रांमुळे मराठी माणसाच्या तोंडी असलेला जिरेटोप ह्याच्यातून आलेला, त्या 'जिरे'चा फोडणीच्या जिऱ्याशी संबंध नाही. सुरुवातीच्या ओळी भरल्या: अवेस्तात 'झ्राध', आर्मेनियनमध्ये 'झ्राह्क', फारसीत 'झिरिह', मराठीत जिरेटोप. चिलखत आणि बख्तर हे दोन्हीही फारसीतूनच आलेले, पण त्यांच्या फायली वेगळ्या ठेवायच्या. अरबी 'झरद' उद्या.